तीन वर्षांनी आलेला दुसरा सीझन

मंडळी, मी इथे फारसं लिहीत नाही. आज मात्र तुम्हाला एक विचारायचं आहे.

चहाच्या मळ्यातल्या खुनाची ती मालिका आठवते? पहिला सीझन मी आणि ह्यांनी रोज जेवताना पाहिला. दुसरा यायला तीन वर्षं लागली. मधल्या काळात हे गेले.

आज दुपारी शेजारच्या हंसाबेननी आग्रहाने आमच्याकडे नवा भाग लावला. मला एकही चेहरा ओळखू येईना. सारखं विचारत होते, "हा कोण?"

"अरे बेन, पेलो... तो वकील! भूली गया?" त्या वैतागल्या. "तुम्ही सिरियल बघता की माझी परीक्षा घेता?"

अर्ध्या तासात मीच टीव्ही बंद करायला सांगितला. खुनी कोण, याची उत्सुकताच उरली नव्हती.

हंसाबेन गेल्यावर आठवलं, पहिला सीझन संपला तेव्हा हे म्हणाले होते, "लिहून ठेव, खुनी डॉक्टरच." मी हसले होते. त्यांचा अंदाज कधीच बरोबर यायचा नाही.

पुढचे भाग माझ्याच्याने बघवणार नाहीत. कोणी शेवटपर्यंत पाहिले असतील तर एवढंच सांगा, डॉक्टरच होता का?