मिशीवर बेतलेला माल्टा

१९७४च्या डिसेंबरात, ऐन बाजारच्या दिवशी, मानोऱ्याच्या शालिकरामभाऊंनी टोपलीभर मुळे फुकट वाटले. भाजीवाल्या माळ्याच्या हातून मुळा फुकट सुटतो म्हटल्यावर लोकांना आधी त्यांच्या तब्येतीचीच काळजी वाटली.

"नातू झाला का भाऊ?"

"माल्टा प्रजासत्ताक झाला! रेडिओवर सांगतलं. आता तिथं राणीचा हुकूम नाही!"

मोठ्या लढाईत भाऊ पलटणीत स्वयंपाकी होते. इटलीला जाताना त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी अकरा दिवस माल्टा बेटावर थांबलं. जहाज निघालं, पण भाऊंचं मन काही तिथून निघालं नाही. कोणी त्यांच्या वांग्याला नाक मुरडलं की म्हणायचे, "माल्ट्यात जाऊन पाहा. नदी नाही, नाला नाही, खडकावर बोटभर माती. तरी ते लोक दगडाचे बांध घालून कांदे काढतेत!" तुर्कांनी उन्हाळाभर तोफा डागल्या आणि हात हलवत परत गेले, मग नेपोलियन आला, मग इंग्रज, मग जर्मनांचे बॉम्ब, हा सगळा इतिहास ते भेंडी तोलता तोलता सांगत. नेपोलियन येईपर्यंत ताजव्यात पावभर भेंडी जास्तीच पडलेली असे. त्यामुळे गिऱ्हाइकंही मन लावून ऐकत.

त्या दिवशी मात्र शाळेचे जगदेव गुरुजी आडवे आले. "भाऊ, शाळेचा नकाशा पाह्यला मी. इटलीच्या बुटाखाली नुसतं पाणी हाये. तुमचा माल्टा कुठी हाये?"

भाऊंची मिशी थरथरली. तीस वर्षं तेल पिऊन माजलेली मिशी ती. "माल्टा हाये, अन् त्याच्यासाठी दुनिया लढली. हे पटवलं नाही, तर ही मिशी गोविंदाच्या वस्तऱ्याखाली!"

बाजारात आरसा मांडून बसलेला गोविंदा न्हावी ताडकन उभाच राहिला.

पुढच्या बाजाराला गुरुजींनी वाशीमहून नकाशांचं मोठं पुस्तक आणलं. माणूस प्रामाणिक. पुस्तकात माल्टा होता. तिळाएवढा.

"हाये, हे कबूल," गुरुजी म्हणाले. "पण एवढ्याशा तिळासाठी दुनिया कायले लढंल? अर्धी मिशी गेली समजा."

"कोनती बाजू?" गोविंदानं विचारलं.

"चला वावरात!" भाऊ गरजले. वस्तरा घेतलेल्या गोविंदासकट निम्मा बाजार त्यांच्यामागे शेताकडे निघाला.

"हा पाट म्हंजे समुद्र," भाऊ म्हणाले. "विहिरीवरच्या इंजिनाचं पाणी म्हंजे इंग्रजाचं जहाज. त्या टोकाचा कांदा, तो इजिप्त. गुरुजी, तुमी इंग्रज. पाणी कांद्याले न्या." पाटाच्या मधोमध दगडांचा एक टीचभर उंचवटा होता. त्यावर भाऊंच्या घरच्या, कस्तुराबाई, फावडं घेऊन बसल्या. "अन् हा माल्टा."

पाणी आलं. कस्तुराबाईंनी बसल्या जागेवरून एक फावडं मारून पाट फोडला, पाणी सांबारात, म्हणजे कोथिंबिरीत. गुरुजींनी धोतर खोचून ते बुजवलं, तर दुसरं फावडं, पाणी मेथीत. गुरुजी बेटावरच चालून गेले, आणि ओल्या काळ्या मातीत गुडघ्यापर्यंत रुतले. एक चप्पल अजून तिथंच असेल.

"सोडा ना वहिनी!" ते कळवळून ओरडले. "कांदा सुकून राह्यला!"

"माल्टा की जय!" बांधावरून आरोळी उठली.

गुरुजींनी चिखलातूनच हात जोडले. "हरलो भाऊ. या तिळासाठी म्या पन बॉम्ब टाकले असते!"

भाऊंनी मिशीला पीळ दिला. "उठ आता, कस्तुरा. मेथी बुडून राह्यली."

"काहून उठू? माल्ट्यावर आता कोनाचा हुकूम नाही, तुमीच सांगतलं. तीस वर्षं झाले, तुमच्या आंधी ती मिशी चहा पेते. तिले काढा, मंगच उठीन."

"अवं, पैज म्या जितली!"

"ते गुरुजीसंग. आता माल्ट्यासंग बोला."

भाऊंनी मेथीकडे पाहिलं. मेथी पोहत होती. "ये बाप्पा गोविंदा," ते म्हणाले.

वस्तरा फिरला. कस्तुराबाईंनी नवऱ्याचं तोंड पाहिलं, झटकन डोक्यावरून पदर ओढला आणि पाठ फिरवली.

"आता काय झालं?"

"माय वं! तुमी तर हुबेहूब तुमच्या मोठ्या भावावानी दिसून राह्यले. भासऱ्यासमोर सुनेनं उठून तोंड दाखवावं कसं?"

पदराआड त्या हसून हसून हलत होत्या, आणि बिनमिशीचे शालिकरामभाऊ दुसरं फावडं घेऊन मेथीकडे पळत सुटले होते.