पेटीची खंडेनवमी

नव्वदच्या दशकात, बेंगळुरूत, चार वर्षं माझ्या पेशी मरत होत्या. काम सांगायला सोपं: पेशींवर अतिनील प्रकाश पाडायचा, त्यांचा डीएनए बिघडवायचा, आणि त्या तो दुरुस्त करतात की मरून जातात ते बघायचं. माझ्या औषधानं त्या वाचल्या तर पीएचडी. नाही वाचल्या तर निपाणीचं तिकीट.

आणि एका दसऱ्याला त्या वाचल्या! खंडेनवमीला सकाळी प्रकाश देऊन, पेशी उबेच्या पेटीत ठेवून मी जयनगरला मावशीकडे जेवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर औषधवाल्या पेशी ठणठणीत. बिनऔषधाच्या मात्र पार मेलेल्या. माझ्या पेटीत जागा नव्हती म्हणून त्या शेजारच्या प्रयोगशाळेच्या पेटीत ठेवल्या होत्या. मी नाचायचीच बाकी होते. "परत एकदा करून बघू या का?" असं सरांना विचारलं, तर त्यांनी पेपर लिहायला घेतलासुद्धा. "कर की. पेपर परदेशी नियतकालिकाकडे जाऊ दे, तू करत बस."

बसले करत. तीन महिने! औषध तेच, पेशी त्याच, मी तीच, आणि दर वेळी सगळ्या मेलेल्या. नवीन औषध मागवलं, काचसामान दहादा धुतलं. सर म्हणायचे, "तुझा हात कुठेतरी चुकतोय." हात! चार वर्षं या हातांनी दुसरं केलं काय होतं? रडू यायचं, आणि त्याहून जास्त संताप यायचा.

शेवटी एकदा कॉफी पिताना अण्णांपुढे रडगाणं लावलं. अण्णा आमच्या प्रयोगशाळेचे मदतनीस, कैक पिढ्यांपूर्वी इथे आलेल्या मराठी घरातले, निवृत्तीला टेकलेले. ते म्हणाले, "असं कसं, अक्का? आयुधपूजेला तुमच्या पेटीला मी स्वतः कुंकू लावलं की. हार घातला, बंद केली. वर्षभर राबते, तिला स्वल्प विश्रांती नको? दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन परत चालू केली."

"आणि शेजारची?"

"त्यांच्या खोलीला कुलूप होतं."

झालं! औषधाचा काडीचा संबंध नव्हता. ऊब गेली की पेशींचं सगळंच मंदावतं, मरणंसुद्धा. माझ्या पेशी वाचल्या नव्हत्या, नुसत्या रेंगाळल्या होत्या.

तोंडाशी शिवी आली होती. पण आमच्या घरची पिठाची गिरणी आठवली. खंडेनवमीला वडील तिचा पट्टा उतरवून ठेवत, दळण घेऊन आलेल्या माणसाला सरळ परत पाठवत. हे जन्मभर बघून मी त्या दिवशी पेटीवर साधी चिठ्ठी लावली नव्हती! आणि तुलनेच्या पेशी दुसऱ्या पेटीत ठेवण्याचा गाढवपणा तर निव्वळ माझाच. "सरी, अण्णा," बरं, एवढंच कानडीत म्हटलं.

सरांना सांगितलं. त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. मग विचारलं, "कुणाला बोललीस?"

"कुणालाच नाही."

"मग घाई काय आहे?"

"पेपर परत मागवा, सर," मी म्हटलं, आणि आवाज चढलाच. "नाहीतर मीच लिहिते पत्र."

त्यांनी लिहिलं. माझ्याकडे न बघता लिहिलं.

दुपारी त्या पत्राचं पाकीट मल्लेश्वरमच्या पोस्टात टाकायला अण्णांकडेच दिलं. परदेशचा पत्ता बघून त्यांचा चेहरा खुलला. "तुमच्या पेपरचं का, अक्का?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि सायकल काढली.