सरांची भाजी

रोज भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढणाऱ्या पोरीला मी परवा मोठ्या अदबीनं विचारलं, "ताई, आमच्याकडची धुणीभांडी कराल का?"

"काका, मी वरच्या सरांकडं पीएचडी करते."

मी कठडा धरला. चूक झाकायला म्हणून विचारलं, "प्रबंध कुठवर आलाय?"

"शेवटचं प्रकरण राहिलंय. लिहायला बसलं की सरांचा फोन येतो. नाय म्हणलं तर सही अडकते."

सर आमच्या गारखेड्यातले मानाचे गृहस्थ. बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण धरतात आणि वाक्य संपेपर्यंत सोडत नाहीत. "बघा साहेब, या देशाला संशोधक पाहिजेत," हे मी माझ्या बटणासकट कितीदा ऐकलंय! आपल्याच शब्दांनी त्यांचे डोळे पाणावतात.

तेवढ्यात सरच खाली आले. मी ओशाळून झाला प्रकार सांगितला. वाटलं, चिडतील. ते खदाखदा हसले, सवयीनं माझं बटण धरलं आणि म्हणाले, "मग न्या की साहेब, संकोच कसला? माझ्याकडं आणखी तिघं आहेत."

पोरगी खाली मान घालून वर गेली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"उद्यापासून सरांची भाजी तुम्ही आणायची," ती म्हणाली. "पोरगी तेवढा वेळ आपल्या घरात बसून लिहील."