बॉइनच्या पश्चिम तीरी

आयर्लंडातल्या ओंगारच्या निधीने नवं घर घेतलं, तेव्हा वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी तिने नावन गावी विभावरीला फोन लावला. "विभाताई, सामान सगळं जमलंय. तेवढं एक सांगा, आमची नदी कोणती?"

विभावरीने नकाशा आधीच पाहून ठेवला होता. "तुम्ही भाग्यवान आहात गं. उत्तरेला तोल्का, दक्षिणेला लिफी. दोघींच्या मधोमध बसलायत."

"वा! म्हणजे गोदावरी आणि कृष्णेच्या मध्येच की!"

ही २०२१ सालची गोष्ट. तोवर आयर्लंडातल्या बऱ्याच मराठी घरांत पूजेआधी हा प्रश्न विचारायची रीत पडली होती. लिमरिकचा परेश संकल्पात शॅनन नदीचं नाव असं ठणकावून घ्यायचा, की जणू त्याच्या पणजोबांनीच तिच्यावर घाट बांधला होता. या साऱ्याची नांदी झाली ती वर्षभर आधी, नावनच्या एका स्वयंपाकघरात, एका म्हाताऱ्या माणसाने हातातली पळी खाली ठेवली तेव्हा.

विभावरी बावन्न वर्षांची. औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासायचं तिचं काम. गोळ्यांचा एक घाणा कुठे झाला, किती वाजता झाला, कोणाच्या हाताखाली झाला, हे कागदावर खरंखुरं आलं असेल तरच ती सही करायची. "लिहिलं नाही ते घडलंच नाही, आणि खोटं लिहिलं तर घडलेलंही वाया," हे ती नव्या पोरांना पहिल्याच दिवशी ऐकवायची. पोरं तिला मागून 'द जज' म्हणत.

पण घरी आली की हीच बाई देवघरासमोर विद्यार्थिनी होऊन बसायची. तिची आई प्रभा हिला मंत्रांचं विलक्षण वेड. माहुलीच्या घरी गुरुजी रुद्र म्हणत तेव्हा प्रभा भाजी निवडता निवडता दाराआड ओठ हलवायची. पुढे येऊन म्हणायची तिची प्राज्ञा नव्हती. आईचं ते दाराआडचं पुटपुटणं विभावरीच्या कानांत घर करून राहिलं होतं. म्हणून पन्नाशीला आल्यावर तिने पुण्याच्या उल्काताईंकडे संगणकावरून पौरोहित्य शिकायला घेतलं. दर रविवारी, दोन वर्षं, एकही खाडा नाही. गणेशपूजन झालं, सत्यनारायण झाला, श्राद्धाचा विधीही पाठ झाला. पण यजमानासमोर गुरुजी म्हणून ती अजून एकदाही बसली नव्हती. रंगीत तालमी खूप झाल्या, पडदा काही वर गेला नव्हता.

प्रभा गेली २०१९च्या वैशाखात. एकुलत्या एका लेकीने वडिलांना पुढच्या फेब्रुवारीत आपल्याकडे आणलं, तीन महिन्यांसाठी. नंदकुमार अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वर्षश्राद्धाला परत जायचं, कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर बसून आपल्या हातांनी करायचं, हे त्यांचं ठरलेलं. आणि मार्चात विमानंच बंद झाली. तिकीट रद्द झाल्याचा निरोप आला त्या दिवसापासून म्हाताऱ्याचं जेवण अर्ध्यावर आलं.

विभावरीने पुण्याच्या एका गुरुजींची संगणकावरून सांगण्याची वेळ घेतली. गुरुजी सज्जन, पण त्या दिवशी त्यांच्यामागे पाच देशांतली सात घरं. त्यांच्याकडचे साडेबारा म्हणजे नावनचे सकाळचे आठ. अंबरीश, विभावरीचा नवरा, डॉक्टर. तो पहाटेच रुग्णालयात गेलेला. चौदा वर्षांची लेक ईशानी डोळे चोळत लॅपटॉप धरायला बसली. चार्जरची वायर जिथवर पोचली तिथे पाट मांडला. नंदकुमारांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, दर्भ घेतला, पाण्याची पळी हातात घेतली.

"म्हणा काका," पडद्यावरून गुरुजी म्हणाले. "भरतखंडे... दंडकारण्ये देशे... गोदावर्याः दक्षिणे तीरे..."

नंदकुमारांनी पळी तशीच धरून ठेवली.

"काका, आवाज येतोय ना?"

"आवाज येतोय. पण मी गोदावरीच्या तीरी नाही."

"अहो, ती पद्धत आहे काका. सगळे असंच म्हणतात."

"सगळे म्हणू देत. चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली मी. गट नंबर चुकवून एकही कागद पुढे पाठवला नाही. आणि आता बायकोच्या श्राद्धात खोटा पत्ता सांगू? तिने शोधायचं कुठे मला?"

त्यांनी पळी खाली ठेवली. खिशातून चष्म्याच्या डबीशेजारचं जुनं पितळी होकायंत्र काढलं आणि पाटावर ठेवलं. काटा थरथरला, थांबला.

"बघा. पितरांचं कार्य दक्षिणेकडे तोंड करून करतात. मी वायव्येकडे तोंड करून बसलोय, कारण प्लग तिकडे आहे. आणि श्राद्ध मध्यान्हीचं. इथे आत्ता सकाळचे आठ वाजलेत! जागा चुकली, दिशा चुकली, वेळ चुकली. राहिलं काय?"

गुरुजींनी हात जोडले. "काका, तुमचं खोटं नाही. पण मला पुढे सिंगापूर आहे." पडदा काळा झाला.

ईशानी हळूच म्हणाली, "आजोबा, यू आर सो राइट. पण आता काय?"

आता काय! आजचीच तिथी. मध्यान्ह व्हायला पाच तास. ते टळले तर प्रभाचं पहिलं वर्षश्राद्ध राहिलंच. म्हातारा खिडकीशी जाऊन उभा राहिला. पाठ वळलेली होती, तरी खांदे सगळं बोलत होते.

विभावरी माडीवर गेली आणि उल्काताईंना फोन लावला.

"ताई, संकल्पात नदी बदलली तर चालतं का?"

"न बदलून कसं चालेल? संकल्प म्हणजे मी कोण, कुठे, कधी बसलोय हे आधी खरं सांगणं. काशीत बसलेला माणूस गोदावरी म्हणतो का? तू रोज कारखान्यात काय करतेस गं?"

"पण सांगणार कोण? गुरुजी तर गेले."

पलीकडून नुसतं हसू आलं.

"ताई, मी श्राद्ध कधी सांगितलेलं नाही. आणि माझ्याच आईचं? माझा आवाज फुटेल."

"फुटू दे. परत उचल. पाठ आहे ना?"

"पाठ आहे."

"मग फोन ठेव आणि तांदूळ धू."

विभावरी खाली आली. "बाबा, मी सांगते श्राद्ध. चालेल?"

नंदकुमार वळले. तेवढ्यात तीच घाईने म्हणाली, "बाईमाणसाने श्राद्ध सांगायचं, लोक काय म्हणतील, असं वाटत असेल तर..."

"लोक? पलीकडच्या नोरीनबाईंनी मला काय सांगितलं माहितीये?" भिंतीपलीकडच्या नोरीनबाई शहात्तरच्या. सत्तरीपुढच्यांना घरातच राहायचं फर्मान सुटल्यापासून ही दोघं आपापल्या परसात खुर्च्या टाकून भिंतीवरून गप्पा हाणायची. "म्हणे, ही इथली बॉइन नदी आधी बाई होती. एक विहीर होती, बायकांनी तिच्याजवळ फिरकायचं नाही. ही गेली, आणि वर उलटी प्रदक्षिणा घातली! विहीर खवळली, पाणी हिच्यामागे धावत समुद्राला मिळालं, तीच नदी. अशा बाईच्या काठावर बसून तू मला लोकांचं भय दाखवतेस?"

विभावरीला हसूही आलं आणि डोळेही भरले.

मग घरात धांदल उडाली. नंदकुमारांना वीस वर्षांनी काम मिळालं होतं. परसात होकायंत्राने दक्षिण काढून त्यांनी पाट मांडला. ईशानीच्या फोनवर नकाशा पाहून नदी कुठून कुठे वाहते ते तपासलं. "आपण पश्चिम तीरावर. आणि हे काय? ही दुसरी कोण?"

"ब्लॅकवॉटर, आजोबा. शी जॉइन्स हिअर."

"म्हणजे संगम!" म्हातारा ताठ झाला. "तीन महिने संगमाच्या गावात बसलोय आणि कोणी बोलत नाही मला!"

एकाच गोष्टीवर बापलेकीचं अडलं. जंबुद्वीपात आयर्लंड धरायचं की नाही? दोघंही अर्धा तास वाद घालत होती. शेवटी विभावरी म्हणाली, "जे नक्की ठाऊक नाही ते लिहायचं नाही. नुसतं 'या पृथ्वीवर' म्हणू. त्याला तर कोणी हरकत घेणार नाही?"

"मंजूर," नंदकुमार म्हणाले.

सव्वा वाजता ऊन परसात सरळ उतरलं. भिंतीपलीकडे नोरीनबाईंनी आपली खुर्ची ओढली आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. विभावरीने आईची हिरवी नऊवारी नेसली होती. ती आसनावर बसली, जणू तिसरी घंटा झाली होती. मग पहिला शब्द सुटला, आणि त्या शब्दाने पुढचा धरून आणला.

"अस्यां पृथिव्याम्... आयर्लंडद्वीपे... बॉइननद्याः पश्चिमे तीरे... संगमसमीपे..."

नंदकुमार एकेक शब्द मागून म्हणत होते, मोजणीची साखळी टाकावी तसे, ताणून, नेमके. पत्नीचं नाव उच्चारायची वेळ आली तेव्हा विभावरीचा आवाज खरंच फुटला. ती थांबली. दोन श्वास घेतले. मग तिने तो मंत्र पहिल्यापासून उचलला आणि शेवटपर्यंत नेला. आई दाराआड ज्या लयीत म्हणायची त्याच लयीत, पण आता उघड्यावर, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पिंड झाले, तर्पण झालं. नंदकुमार उठले, आणि लेकीसमोर वाकू लागले.

विभावरी दचकून मागे सरली. "बाबा, हे काय करताय!"

"जागची हलू नकोस! कार्य संपल्यावर यजमानाने गुरुजींना नमस्कार करायचा असतो. विधी अर्धा टाकायचा नाही. मी विभाला करत नाहीये, त्या आसनाला करतोय." ते वाकले, कपाळ गवताला लागलं, आणि उठताना ते म्हणाले, "विभालाही थोडा करतोय म्हण."

मग त्यांनी होकायंत्र तिच्या ओंजळीत ठेवलं. "दक्षिणा. जिथे बसशील तिथे आधी दिशा बघ, मग तोंड उघड."

भिंतीवरून नोरीनबाईंनी डोळे पुसले. "नंडू," त्या म्हणाल्या, "तुझी मुलगी ग्रँड आहे हं. एकदम ग्रँड."

"आय नो, मॅडम," नंदकुमार आपल्या सरकारी इंग्रजीत म्हणाले. "आय हॅव्ह व्हेरिफाइड."

टाळेबंदीत सत्तरीपुढच्यांना नुकतीच फिरायची मुभा मिळाली होती; संध्याकाळी तिघं पाच किलोमीटरच्या हद्दीत राहून संगमावर चालत गेली. भाताचे पिंड पाण्यात सोडले. काळसर पाणी तपकिरी पाण्यात मिसळत होतं, आणि तीळ त्या रेषेवर क्षणभर रेंगाळून पुढे गेले. परत येताना नंदकुमार पावलं मोजत होते. घरी आल्यावर त्यांनी आपणहून दुसऱ्यांदा आमटी मागितली, आणि ईशानीकडून वहीत लिहून घेतलं: नावन, घर ते संगम, दोन हजार चारशे दहा पावलं.

त्याच वहीत पुढच्या पानांवर आता बाकीच्यांच्या नद्या आहेत. शॅनन, तोल्का, लिफी. प्रत्येक नोंदीखाली कोणता तीर, घराचं तोंड कुठे, इथल्या सूर्यानुसार मध्यान्ह किती वाजता. आणि शेवटी विभावरीची सही, कारखान्यात करते तशीच, तारखेसकट.