फुलावर गेलेली कोथिंबीर

बाई गेल्या, हे त्यांच्या मुलानं, मंदारनं कुंपणापलीकडून सांगितलं तेव्हा मी ओट्यावर सोडे निवडत होते. मी म्हटलं, "कुठं गेल्या?" माणूस जाणं म्हणजे काय हे या वयात मला कळत नाही असं नाही, पण तोंडातून तेच आलं. मग मी हात धुतले आणि गेले. सोडे मांजरानं खाल्ले.

खांदा कॉलनीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, मी चौथी शिकलेली, शेतात आणि मिठागरात वाढलेली. सोळा वर्षांचा शेजार. बाई तोंडावर बोलणाऱ्या. माझी भाकरी जाड झाली तर "जाड झालीय" म्हणायच्या आणि खायच्या. मीही कमी नव्हते, म्हणूनच जमलं. भांडण मात्र दर वर्षी व्हायचं, थंडी सरताना, त्यांच्या मागच्या वाफ्यावरून. कोथिंबीर, मोहरी, मुळा, सगळं त्या फुलावर जाऊ द्यायच्या. तुळशीच्या मंजिऱ्याही खुडायच्या नाहीत. आमच्यात भाजी फुलावर गेली म्हणजे घरातली बाई आळशी. मी म्हणायचे, "बाई, कोथमीर जून झाली. आता ढोरं पन तोंड लावायची नाय." त्या म्हणायच्या, "गिऱ्हाईक आहे वहिनी, सकाळी नऊला येतं. बसा इथं." मग आम्ही खुर्च्या टाकून चहा प्यायचो आणि मधमाश्या त्या बारीक पांढऱ्या फुलांवर फिरायच्या, मागच्या पायांना पिवळं चिकटलेलं. मला त्यात विशेष काही वाटायचं नाही. चहा चांगला असायचा.

यंदा माघात बाईंना धाप लागली, दवाखान्यात ठेवलं. घराची किल्ली माझ्याकडे. आजारी माणूस घरी यायचं तर अंगण नीट असावं म्हणून मी सगळा वाफा उपटला. मंजिऱ्या खुडल्या. माती भुसभुशीत करून पाणी मारलं. एका सकाळीत काम झालं, माझं मलाच बरं वाटलं.

बाई आल्या. मंदारनं धरून मागच्या दारात खुर्चीवर बसवलं. मी म्हटलं, "बघा, कसं लख्ख केलंय." त्यांनी वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. "छान केलंत वहिनी," म्हणाल्या, "किती स्वच्छ झालं." एवढंच. मग रोज नऊला तिथंच बसायच्या. रिकाम्या मातीवर दोन-चार मधमाश्या येऊन घिरट्या घालायच्या आणि जायच्या. मी चहा नेऊन द्यायचे. बाई माश्यांकडे बघायच्या, मधूनच माझ्याकडे. आठव्या दिवशी गेल्या.

तेरावं झाल्यावर मंदार सहज म्हणाला, "काकू, आई दवाखान्यात रोज विचारायची, कोथिंबिरीला फुलं आहेत ना अजून?"

"तू काय सांगितलंस?"

"आहेत म्हटलं. मला काय माहीत?"

तेव्हापासून डोक्यात नुसता गुंता आहे. भाकरीला जाड म्हणणारी बाई याला छान कशी म्हणाली? माझी कीव आली? दमल्या होत्या? की खरंच छान वाटलं? खोटं बोलल्या असतील तर माझ्याशी पहिल्यांदाच, आणि त्याचा मला रागच येतो. ओरडल्या असत्या तर मी उलटून बोलले असते, मिटलं असतं. आता कोणाशी भांडू... आणि कशावरून?

त्यांच्या खिडकीत धन्यांची बरणी होती, ती मी मागून घेतली. पेरायचे धने फोडायला मी चपलेनं रगडते. बाई ओरडायच्या, "खायची वस्तू आहे वहिनी, चप्पल कसली?" आणि लाटणं फिरवायच्या. या वेळी मीही लाटणंच घेतलं, का ते ठाऊक नाही. त्याच वाफ्यात पेरले. आता चैत्राच्या उन्हात कोथिंबीर वीतभर झालीय, कोवळी, वासाची. आज कापली नाही तर जून होणार. एवढ्या उन्हात फूल टिकेल का, टिकलं तरी माश्या येतील का, सांगता येत नाही.

सकाळी विळा घेऊन गेले आणि त्यांच्या खुर्चीवर बसून राहिले. नऊ वाजून गेले. माझ्या सुनेनं भिंतीपलीकडून हाक मारली, "आई, कालवनाला कढ आला. कोथमीर आनता ना?"

मी म्हटलं, "नाक्यावरनं आन."