वाणात दिलेला कागद

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरातली मिल बंद पडली त्याच वर्षी मला वकिलीची सनद मिळाली. बाबा मिलमध्ये टाइमकीपर. भोंगा थांबला तरी रोज सकाळी सातला ओट्यावर उभं राहून घड्याळ बघायचे. त्याच ओट्यावर मी पाटी लावली, ‘मुफ्त कानूनी सलाह’. मागच्या गल्लीत सरहद्दीपलीकडून आलेली सिंधी कुटुंबं राहायची. त्यांच्या व्हिशाच्या मुदती संपत आणि दलाल त्यांना खुशाल लुबाडत. वाटलं, आता रांग लागेल. कसली रांग न् कसलं काय! तीन महिन्यांत एकच माणूस आला, तोही राजवाड्याकडे जाणारा सवारी टेम्पो कुठून मिळेल ते विचारायला.

आई हसली. ‘‘वकिलाच्या ओट्यावर बाई दिसली की मोहल्ला म्हणतो, हिच्या घरात झगडा झाला. त्यात तू फुकट! फुकटच्या वकिलावर भरोसा कोण ठेवेल? संक्रांत आलीच आहे, हळदीकुंकवाला बोलावते सगळ्यांना.’’

बाबांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहून काढलं की मुदत वाढवायच्या अर्जाला काय काय लागतं, कुठे द्यायचा. त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि आईने वाणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत एकेक घडी घातली. बायका आल्या, तिळगूळ खाल्ला, डब्या घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पाच जणी माझ्यासमोर. ‘‘डिब्बी तो बढ़िया है, ये कागज़ क्या है?’’ मी तर नाचायचीच बाकी होते.

त्यातलीच एक जाता जाता म्हणाली, ‘‘असली ज़रूरत तो हमारी पड़ोसन को है। महीने के आख़िर में मुद्दत ख़त्म। पर वो विधवा है, तुम्हारे यहाँ कैसे आती?’’

माझं डोकंच फिरलं. ‘‘बघ आई! जिला सगळ्यात जास्त गरज, तिलाच तुझ्या हळदीकुंकवाने दाराबाहेर ठेवलं!’’

आईच्या डोळ्यांत पाणी बघून माझी मलाच लाज वाटली. पण दुपारी तिने पदर खोचला, एक डबी घेतली आणि मला म्हणाली, ‘‘चल.’’

बाई अंगणात पापड लाटत होती, शेजारी आठवीतली मुलगी अभ्यास करत होती. मुदत वाढली नाही तर दोघींना परत जावं लागणार होतं, आणि तिकडे त्यांचं कुणी उरलं नव्हतं. डबी बघून बाई मागे सरकली. ‘‘बहनजी, मैं ये नहीं ले सकती।’’

‘‘अगं, आत कागद आहे,’’ आई मराठीतच म्हणाली. ‘‘कागदाला नवरा लागत नाही.’’

तिला किती कळलं कोण जाणे, पण ती हसली. मी यादी वाचली. सगळं होतं तिच्याकडे, फक्त इथला कुणी जामीन राहणारा नव्हता. घरमालक पोलिसांचं नाव काढताच हात झटकून मोकळा झाला होता.

‘‘जामिनाला काय करावं लागतं?’’ आईने विचारलं.

‘‘सही. आणि ही कुठे निघून गेली तर पोलीस तुला विचारतील.’’

‘‘निघून जाईल कुठे? चार दिवसांचं पापडाचं पीठ भिजवून बसली आहे!’’

जन्मभर मनीऑर्डरच्या पावतीपलीकडे सही न केलेल्या माझ्या आईने कोऱ्या कागदावर सहा वेळा सराव केला आणि मग अर्जावर सही ठोकली. मी हेलपाटे घातले, आणि महिना संपायला दोन दिवस असताना परवानगी हातात आली. मुलगी ती घेऊन गल्लीभर धावली. इतका आनंद मला पुढे मोठे खटले जिंकूनही झाला नाही.

पुढच्या संक्रांतीला आईने पहिलं बोलावणं तिला केलं. ती पापडांचा गठ्ठा घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. आई कुंकवाचा करंडा घेऊन तिच्याकडे निघाली तशी आमच्यातलीच एक काकू पुटपुटली, ‘‘अहो, हे काय?’’

आई थांबली नाही. ‘‘सरकारला लिहून दिलंय मी, हिची जबाबदारी माझी. सरकारने हिला परवानगी दिली. आता कुंकवासाठी तुमची आणू का?’’

दारातल्या बाईने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि कपाळ पुढे केलं.