कुशाबाईची जांभळीची बी

बियांच्या बाबतीत कुशाबाईचा शब्द पिंपरीच्या शिवारात शेवटचा होता. कुणाला बाभळीचं नाही तर शिरसाचं बी टिकवायचं असलं की तो मुकाट्याने तिच्या दारात येई. तिची रीत एकच. बी कडक वाळवायचं, दाताखाली कट्ट वाजलं की गोवरीच्या राखेत घोळवून मडक्यात भरायचं आणि मडक्याचं तोंड शेणाने लिंपायचं. नवऱ्यालाही तिने साधारण असंच ठेवलं होतं आणि तोही टिकला होता.

पंचावन्न साली कारखान्यासाठी जमीन गेली. बांधावरची जांभूळही जाणार होती. लग्नानंतर कुशाबाईने ती माहेराहून रोप म्हणून आणली होती. माहेरी आता ना माणूस उरलं होतं, ना झाड. ताथवड्याच्या नव्या घरी या जांभळीचं एक तरी रोप हवंच, याखेरीज तिला काही नको होतं.

शेवटच्या हंगामात तिने टपोरी जांभळं निवडून बिया काढल्या. पावसाळी हवा, म्हणून चुलीवरच्या शिंक्यात ठेवून त्या वाळवल्या. कट्ट वाजल्या. मडकं लिंपलं.

उरलेली जांभळं तिचा नवरा सोनबा याने नव्या घराच्या परसातल्या मोरीवर बसून खाल्ली आणि बिया तिथेच थुंकल्या.

"नवं घर हाय, लाज न्हाई?" ती म्हणाली.

"म्हून तर भाईर थुकतुया," सोनबा म्हणाला.

झाड पडलं. पुढच्या मृगात कुशाबाईने अंगणात हळद-कुंकू वाहून बिया पेरल्या. पाऊस चांगला झाला. उगवलं काहीच नाही. तिने एक बी उकरून फोडली, तर आत काळा भुगा. जांभळीचं बी वाळलं की मरतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला बियांतलं सांगणार कोण? ती दोन दिवस जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी ती मोरीवरचं गवत उपटायला बसली. वर्षभर ती ते उपटतच होती. धुण्याच्या दगडामागे वीतभर रोप होतं. तिने पान चुरगळून हुंगलं आणि ओळखलं.

"ह्ये कुणी लावलं?"

"लावतंय कोण? थुकलं व्हतं."

कुशाबाई तिथेच चिखलात बसून रडली. आजवर गवत म्हणून काय काय उपटलं, तेही तिला कळलं. मग डोळे पुसून तिने रोपाभोवती दगड रचले.

पुढच्या उन्हाळ्यात रोप सुकू नये म्हणून सोनबाला मोरीवर दिवसातून दोनदा अंघोळ घालण्यात आली.